किती येतात?

संडासाची टाकी कोणी रिकामी करायची, हा प्रश्न आमच्या चाकांवरच्या घरात पाच मिनिटांत निकालात निघाला. (हे करतात.) पलंगावर कोण झोपणार आणि उलगडून होणाऱ्या सोफ्यावर कोण, तेही बिनतक्रार ठरलं. (घोरणारा सोफ्यावर.) तांदळाचा डबा, कुकर, माझं पोळपाट-लाटणं, ह्यांची औषधं, सगळ्याला चोवीस फुटांत जागा सापडली. छतावर अँटेना कोणता असावा, याच्यावर मात्र अजून विचारविनिमय चालू आहे.

निवृत्तीनंतर पुरुषांना काहीतरी सांभाळायला लागतं. पुण्यात असते तर हे सोसायटीचे सेक्रेटरी झाले असते आणि गच्चीवरच्या टाकीवरून लोकांशी भांडले असते. आम्ही पडलो कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला. इथे भांडायला शेजारी दिसतच नाहीत. म्हणून ह्यांनी एक सेकंडहँड आरव्ही घेतली. आरव्ही म्हणजे अशी गाडी, जिच्यात शेगडी, फ्रिज, न्हाणीघर आणि नवराबायकोतले सगळे मतभेद एकाच वेळी मावतात.

विकणाऱ्या आजोबांनी गॅस, पाणी आणि जनरेटर दहा मिनिटांत दाखवला. मग ते गंभीर झाले. पलंगाच्या वर छतातून खाली आलेलं एक हँडल त्यांनी ह्यांच्या हातात दिलं. "हे फिरवलं की अँटेना वर उभा राहतो. तिथेच खाली ओढून वळवलं की त्याची दिशा बदलते. आणि निघताना खाली घ्यायला विसरू नका." शेवटचं वाक्य त्यांनी पुन्हा म्हटलं. कागदपत्रांवर सह्या करताना आणखी एकदा म्हटलं. तेव्हा त्यांच्या बायकोने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत काय होतं ते मला पुढे समजलं.

या अँटेनाला इथले लोक वटवाघळाचे पंख म्हणतात. प्रवासात तो छतावर अंग चोरून पडून असतो आणि मुक्कामाला पोचून दिवेलागण झाली की उठतो, एवढं साम्य मलाही मान्य आहे.

निसर्गाच्या सान्निध्यात राहायचं, असं मला सांगण्यात आलं होतं. पहिला मुक्काम लासेन ज्वालामुखीच्या राष्ट्रीय उद्यानात होता. समोर तळं, तळ्यात डोंगर उलटा. मी चहा घेऊन खुर्ची टाकली, तेवढ्यात आतून हाक आली.

"अगं, जरा आत ये. पडद्याकडे बघ."

आमच्या गाडीत टीव्ही ड्रायव्हरच्या डोक्यावर आहे आणि हँडल पार मागे, पलंगावर. म्हणजे अँटेना वळवणाऱ्याची टीव्हीकडे पाठ. ही रचना करणाऱ्याचं लग्न झालेलं नसावं, किंवा नुकतंच मोडलेलं असावं.

"आलं का?"

"नाही."

"आता?"

"काहीतरी हललं."

"काय हललं?"

"गाडी. तुम्ही पलंगावरून खाली उतरलात."

हा संवाद मला नवा नव्हता. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि पुढे पुण्याला ते सिंहगडावरच्या मनोऱ्यावरून दिसायला लागलं, तेव्हा आमच्या वाड्यात एकच टीव्ही होता. दादा कौलांवर, मी जिन्यात, आजी टीव्हीपुढे. आजी म्हणायची "आलं", मी वर ओरडायची "आलं", दादा अँटेना सोडायचा, आणि चित्र जायचं. तो धरून उभा असला की यायचं. 'चिमणराव' संपेपर्यंत त्याने तसंच उभं राहावं, अशी आजीची माफक अपेक्षा असायची.

पण तेव्हाच्या चित्रात माणुसकी होती. पडद्यावर कितीही मुंग्या आल्या तरी मुंग्यांतून बातम्या देणाऱ्या बाई ओळखू यायच्या, साडीचे काठसुद्धा कळायचे. १२ जून २००९ ला अमेरिकेतल्या मोठ्या केंद्रांनी जुनं अॅनालॉग प्रक्षेपण बंद केलं आणि त्याबरोबर मुंग्याही गेल्या. डिजिटल चित्र एक तर लख्ख येतं नाहीतर येतच नाही. मधे एक चिंचोळी अवस्था असते. तिच्यात निवेदकाची हनुवटी जागेवर राहते, कपाळ हवामानाच्या नकाशात जाऊन बसतं आणि आवाज भलत्याच वाक्याला लागतो.

शिवाय गाव बदललं की टीव्हीला नव्याने चॅनल्स शोधायला लावावी लागतात. पडद्यावर टक्के चढत जातात. त्या टक्क्यांकडे हे ज्या चेहऱ्याने बघतात, त्या चेहऱ्याने त्यांनी मुलीच्या प्रगतिपुस्तकाकडे कधी पाहिलं नाही. लासेनला शंभर टक्के झाले. सापडलेली चॅनल्स: शून्य. मग पाच अंश डावीकडे, पुन्हा शंभर टक्के, पुन्हा शून्य. तळ्यात सूर्य मावळला म्हणतात. मला पाहता आला नाही, मी "नाही" म्हणायच्या ड्यूटीवर होते.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या गाडीतली आठ-नऊ वर्षांची मुलगी आमच्याकडे चेंडू शोधायला आली. ह्यांच्या मांडीवर मॅन्युअल, कानावर पेन्सिल. तिने दारातूनच भिंतीकडे बोट केलं. "तुमचा बूस्टर बंद आहे." टीव्हीची तार जिथे भिंतीतून बाहेर येते तिथे एक बारकं बटण असतं. ते दाबलं की शेजारी हिरवा दिवा लागतो आणि त्याच तारेतून बारा व्होल्टचा प्रवाह वर अँटेनाच्या डोक्यातल्या अॅम्प्लिफायरला जातो. बटण बंद असेल तर अँटेना अशक्त होतो असं नाही, तो जवळजवळ मरतो. ह्यांनी उभं आयुष्य चिपा तयार करणाऱ्या कंपन्यांत काढलं आहे. ते उठले, बटण दाबलं, चॅनल्स आली, आणि त्या मुलीला त्यांनी समजावून सांगितलं की आपण मुद्दामच आधी बूस्टरशिवाय मोजमाप घेत होतो. मुलीने चेंडू घेतला आणि गेली. लहान मुलं फार समंजस असतात.

त्या दिवसापासून एक वही सुरू झाली. गाव, अँटेनाचा कोन, चॅनल्सची संख्या. आरव्ही पार्कातल्या पुरुषांचा एकमेकांना विचारायचा प्रश्नच मुळी "किती येतात?" असा असतो. कोणी नाव विचारत नाही, गाव विचारत नाही. "अठ्ठावीस," एक म्हणतो. "मला एकतीस," दुसरा म्हणतो आणि पट्टा सावरतो. पहिला लगेच आपल्या गाडीत शिरतो आणि त्याच्या छतावर काहीतरी कुरकुरायला लागतं. काय बघता, असं एकाने दुसऱ्याला विचारलेलं मी आजवर ऐकलेलं नाही. आमच्याकडेही संख्या वहीत उतरली की टीव्ही बंद होतो.

निघताना अँटेना खाली घ्यायचा, याची आठवण राहावी म्हणून एक लाल बिल्ला मिळतो. अँटेना वर असेल तेव्हा तो स्टिअरिंगला अडकवायचा. असा बिल्ला तयार करून दुकानात विकायला ठेवतात, यावरून हा प्रकार किती लोकप्रिय आहे ते समजावं. मी हौसेने आणला, अडकवला. ह्यांना तो गाडी चालवताना हाताला लागायला लागला, म्हणून त्यांनी काढून कप्प्यात ठेवला.

आमच्या गाडीची उंची साडेअकरा फूट. उभा अँटेना आणखी चारेक फूट. पेट्रोल पंपाच्या छतावर लिहिलं होतं, १४ फूट. हे गणित शाळेतलं आहे. वळणावर मागून एकाने हॉर्न दिला. पंपावरच्या एका बाईंनी दोन्ही हात वर करून हलवले. टोपीवाल्या एका तरुणाने आकाशाकडे बोट दाखवलं.

"लोक किती प्रेमळ आहेत बघ," हे म्हणाले, आणि त्यांनीही हात हलवला.

पंपाचा मॅनेजर बाहेर आला. त्याने आधी त्याचं छत तपासलं, छताला काही झालं नव्हतं. मग आत जाऊन झाडू आणि सुपली आणली, आमच्या वटवाघळाचे अवशेष गोळा केले, पिशवीत भरले, पिशवीला गाठ मारली आणि ह्यांच्या हातात दिली. एकही प्रश्न विचारला नाही. हाताला वळण पडलेलं होतं.

ह्यांचा चेहरा पडला, पण घरी पोचेपर्यंत उजळला. आता नवा अँटेना घ्यायचा होता.

एक्सेलची फाइल उघडली गेली. रकाने पडले: गेन किती डेसिबल, गोंगाट किती, व्हीएचएफ घेतो का, मिटल्यावर उंची किती, वाऱ्यात टिकतो का, किंमत. मी म्हटलं, "एक रकाना राहिला. आपण बघणार काय आहोत?" फाइल सेव्ह करून बंद करण्यात आली.

दुकानात आम्ही एकेक खोकं वाचत उभे. एकावर लिहिलेलं, ६० मैल. शेजारच्यावर १२०. कोपऱ्यातल्या सगळ्यात स्वस्त खोक्यावर २००. हे तिथेच, खोकी मांडणाऱ्या मुलाला भूगोल शिकवायला लागले. हजार फुटी मनोऱ्यावरून निघालेली लाट जेमतेम चाळीस-पंचेचाळीस मैलांवर क्षितिजाला टेकते, पुढे पृथ्वी वाकते. तुमचा अँटेना उंचावर असला तर थोडे मैल वाढतील. पण दोनशे? ते काय जमिनीखालून येणार? मुलगा म्हणाला, "काका, हा सगळ्यात जास्त खपतो." (तो 'सर' म्हणाला. पण सूर काकांचा होता.)

मग लांबीचा प्रश्न. सातव्या चॅनलच्या लहरीची लांबी १.७ मीटर, छत्तिसाव्याची अर्धा मीटर. २०२० पासून अमेरिकेत छत्तिसाच्या पुढे टीव्ही नाही, वरची जागा मोबाइलवाल्यांनी विकत घेतली. अँटेनाची दांडी साधारण अर्ध्या लहरीएवढी हवी. म्हणजे वरच्या, यूएचएफ चॅनल्सना वीतभर दांडी पुरते, खालच्या व्हीएचएफमधल्या सातव्याला जवळजवळ तीन फूट, आणि अगदी खालच्या दुसऱ्या चॅनलचं ऐकायचं तर अडीच मीटरच्या वर. अडीच मीटर म्हणजे आमच्या गाडीची रुंदी. बरं, पडद्यावर ज्याला सात म्हणतात ते हवेत सातवरच असेल असंही नाही. २००९ नंतर पुष्कळ केंद्रांनी बिऱ्हाडं बदलली आणि दारावरच्या पाट्या जुन्याच ठेवल्या. मी हे सगळं भाजी चिरताना ऐकलं आहे, म्हणून पाठ आहे.

त्याच ओघात यागी आणि उदा यांची गोष्ट आली. पुण्यात गच्चीगच्चीवर कावळे ज्याच्यावर बसत, तो माशाच्या काट्याचा अँटेना १९२६ साली जपानमध्ये तोहोकू विद्यापीठात जन्मला. बहुतेक खटपट उदा यांची, नाव पुढे झालं प्राध्यापक यागींचं. कॉलेजात कधीही असिस्टंट म्हणून राबलेल्या कोणालाही यात नवल वाटणार नाही. पुढची गंमत अशी सांगतात, की १९४२ मध्ये सिंगापूर जिंकल्यावर जपान्यांना इंग्रजांच्या रडारच्या टिपणांत 'यागी' असा शब्द सापडला. अर्थ लागेना. शेवटी एका इंग्रज कैद्याला विचारलं, तेव्हा तो म्हणाला, अहो, तुमच्याच माणसाचं नाव आहे ते. ही गोष्ट ह्यांनी त्या दुकानातल्या मुलालाही सांगितली. त्या दरम्यान तीन गिऱ्हाइकांनी दोनशे मैलवाला नेला.

अँटेनावाल्यांत दोन पंथ आहेत. एकांचा अँटेना एका दिशेला रोखून बघतो, त्याला मनोऱ्याकडे तोंड करून द्यावं लागतं. दुसऱ्यांचा म्हणजे बंद घुमटातली चकती. ती कुठेही न वळता चहूकडून मिळेल ते घेते, फक्त प्रत्येक बाजूने थोडं थोडं. वर करायला नको, खाली घ्यायला नको, पेट्रोल पंपावर लोकांनी हात हलवायला नकोत.

"हाच घेऊ ना," मी म्हटलं. "फिरवावाच लागत नाही."

ह्यांनी माझ्याकडे अविश्वासाने पाहिलं. "मग करायचं काय?"

मुलीला फोनवर सांगितलं तर ती हसत सुटली. अँटेना कुठे रोखायचा हे बघायला सरकारी दळणवळण आयोगाचा नकाशा आहे, आपला पत्ता टाकला की कोणतं केंद्र कोणत्या दिशेला आणि किती जोरात, ते हिरव्या-पिवळ्या-लाल रंगांत दिसतं. "बाबा, तो नकाशा बघायला इंटरनेट लागतं. आणि इंटरनेट असेल तर अँटेना कशाला लागतो?"

"फुकट आहे म्हणून," हे म्हणाले. तोवर फुकटावर झालेला खर्च मी एक्सेलमध्ये वेगळ्या रकान्यात लिहिला होता. तोही रकाना पुढे सापडला नाही.

पुण्याहून धाकट्या दिरांनीही व्हिडिओ कॉलवर मदत केली. "वहिनी, दादाला सांगा, सिंहगडाकडे तोंड कर."

"भाऊजी, आम्ही कॅलिफोर्नियात आहोत."

"तरी एकदा करून बघायला काय जातं?"

ह्यांनी म्हणे तसं केलं. मला कळू न देता केलं, पण वहीत नैर्ऋत्येची नोंद आहे आणि तिच्यापुढे फुली.

मग छतावर एकामागून एक उमेदवार येऊन गेले. एक सपाट प्लास्टिकचा कागद आला, खिडकीला आतून चिकटवायचा. आमच्या खिडकीला तो बरा चालला. पलीकडच्या गृहस्थांची गाडी सबंध चकचकीत अॅल्युमिनियमची, तिच्यात बाहेरची लाट शिरतच नाही. ते बिचारे तोच कागद झाडूला बांधून पावसात दाराबाहेर उभे होते आणि आतून त्यांची बायको "नाही" म्हणत होती. आम्ही दोघींनी एकमेकींना ओळखलं. एक घडीचा यागी आला. मागच्या शिडीला खांब बांधून तो वीस फुटांवर चढवायचा. छान चालायचा, पण चढवायला पाऊण तास, उतरवायला पाऊण तास, आणि खांब फिरवायला हे शिडीवर असताना पडद्याकडे बघून उत्तर देणाऱ्या व्यक्तीने खिडकीतून मान बाहेर काढायची. माझी मान अजून डावीकडे पूर्ण वळत नाही.

मधेच शोध लागला की आमचे स्वस्तातले एलईडी दिवेच व्हीएचएफमध्ये खरखर सोडतात. म्हणजे टीव्ही लावायचा तर दिवे बंद. मी फोनच्या उजेडात पोहे केले. मीठ दोनदा पडलं, एकदा माझ्याकडून आणि एकदा काळोखात मदतीला आलेल्या माणसाकडून. "सातवं आलं," हे आनंदाने म्हणाले आणि खारट पोहे संपवले. इतर कुठल्याही रात्री ते शक्य नव्हतं.

रेडवूडच्या जंगलात आम्ही गेलो तेव्हा पाऊस पडून गेला होता. ती झाडं तीनशे फुटांच्या वर जातात, काही येशू ख्रिस्ताच्या आधीपासून उभी आहेत. त्यांच्या बुंध्याशी उभं राहून ह्यांनी मान वर केली, बराच वेळ काही बोलले नाहीत. मला भरून आलं. शेवटी म्हणाले, "ओली पानं. यूएचएफ सगळं शोषून घेतात."

आता माझ्याबद्दल. इतका वेळ मी शहाणी असल्याच्या थाटात बोलते आहे, पण इथल्या हवेत स्पॅनिश चॅनल्स पुष्कळ, आणि त्यांतल्या एकावर संध्याकाळी एक मालिका लागते. स्पॅनिश मला येत नाही. पण सासू कळते. जिन्यावरून ती ज्या पद्धतीने उतरते, त्यावरून किल्ल्या कोणाकडे आहेत तेही कळतं. धाकट्या सुनेला दिवस गेले आहेत आणि ते घरात तिघांनाच माहीत आहे. एकदा नेमकं डॉक्टर तोंड उघडतात तेव्हा चित्राचे चौकोन झाले, आणि मी स्वतः पलंगावर चढून हँडल धरलं. "आलं का?" मी ओरडले.

"कोणतं चॅनल?" हे संशयाने म्हणाले.

"बातम्या," मी म्हटलं.

त्यानंतर अँटेनाच्या खरेदीला मी विरोध केला नाही. एक चांगला, वर-खाली होणारा, नव्या बनावटीचा पंखवाला आला. लाल बिल्ला स्टिअरिंगला साखळीने बांधण्यात आला.

आणि मग ह्यांनी यात्रा काढली. सॅक्रामेंटोच्या दक्षिणेला, नदीच्या मुखाकडच्या सपाट प्रदेशात वॉलनट ग्रोव्ह नावाचं गाव आहे. चहूकडे नासपतीच्या बागा, आणि बागांतून एकदम आकाशात गेलेले टीव्हीचे मनोरे. त्यांतला सगळ्यात उंच २०४९ फूट आहे. दोन आयफेल टॉवर एकावर एक ठेवले तर शंभरएक फुटांनी सरशी होईल, इतकंच. सान फ्रान्सिस्कोच्या टेकडीवरचा सुट्रो टॉवर ९७७ फुटांचा, त्याला हे आता 'तो धाकटा' म्हणतात. हमरस्ता सोडून आम्ही आत वळलो. तारांनी ताणून धरलेली ती लाल-पांढरी रेघ जवळ यायला लागली तसा ह्यांचा आवाज खाली गेला. जवळच नदीकाठच्या आरव्ही पार्कात जागा मिळाली. खिडकीतून मनोरा दिसेल अशी, ह्यांनी मुद्दाम मागून घेतली.

हँडल फिरलं. बूस्टर लावला, हिरवा दिवा लागला. अँटेना मनोऱ्यावर रोखला, म्हणजे रोखायचीसुद्धा गरज नव्हती, समोर तोच होता. टक्के चढले. शंभर झाले.

सापडलेली चॅनल्स: चार. त्यांतली दोन घरगुती वस्तू विकणारी.

पंढरपुरात जाऊन नामदेवाच्या पायरीवरून परत पाठवावं, तसे हे पलंगावर बसले. कोन बदलला, तार बदलली, टीव्ही बदलण्याचा विषय निघाला. मग खाली उतरून मनोऱ्याकडे तोंड करून दोन्ही हात कमरेवर ठेवून उभे राहिले. माझी मालिका सुरू व्हायला वीस मिनिटं होती. मी मागचे दिवे घालवले, पंखा बंद केला, आणि जाता जाता त्या हिरव्या दिव्याचं बटणही बंद केलं. सारखा डोळ्यात येत होता. टीव्ही आपला बिचारा टक्के मोजतच होता.

त्रेसष्ट.

मी हाक मारली. हे आत आले, पडद्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, आणि कारण मला लगेच समजावून सांगितलं. बूस्टर आलेला सिग्नल वाढवतो. मनोऱ्याच्या इतक्या जवळ तो मुळातच एवढा जोरात येतो की वाढवायला गेलं तर अॅम्प्लिफायर गुदमरतो आणि सगळ्याचा काला होतो. अशा वेळी बटण बंद ठेवायचं असतं. "हे लक्षात ठेव," ते म्हणाले. मी ठेवते म्हटलं.

त्रेसष्टांत काय काय होतं? १९५५ ते १९७५ चालू असलेली काउबॉयची मालिका, जिच्यातला घोडासुद्धा आता ओळखीचा झाला आहे. तीन पाद्री. अंगठ्या विकणाऱ्या बाई. व्हिएतनामी गाण्यांचा कार्यक्रम. घटस्फोट मागणाऱ्यांचं न्यायालय. आणखी एक पाद्री. हवामान, जे खिडकीतून दिसत होतं. हे एकेकावर दोन सेकंद थांबत शेवटपर्यंत गेले, वहीत त्रेसष्ट लिहिलं, खाली दुहेरी रेघ मारली आणि रिमोट माझ्याकडे दिला.

तेवढ्यात दारावर टकटक झाली. शेजारच्या मोठ्या गाडीतल्या बाई होत्या, हातात लिंबांची पिशवी. त्यांच्या मागे, थोड्या अंतरावर, त्यांचे यजमान आमच्या छताकडे बघत उभे होते. बाईंनी लिंबं दिली, हवा बरी आहे म्हणाल्या, आणि मग जरा संकोचून, पाठवलेल्या माणसाने विचारावं तसं विचारलं, "यांना जाणून घ्यायचं होतं, तुम्हाला किती येतात?"

"ऐंशी," मी म्हटलं.

सतरा मी पदरची घातली. का, ते मला सांगता येणार नाही. तोंडातून गेलं. बाईंनी मागे वळून तो आकडा सांगितला. त्यांच्या यजमानांनी काही न बोलता पट्टा सावरला आणि ते आपल्या गाडीत गेले. बाईंनी माझ्याकडे पाहून उसासा टाकला आणि त्यांच्या मागून गेल्या. आता त्यांची रात्र पडद्यासमोर जाणार होती. त्याचं मला जरा वाईट वाटलं, पण फार नाही.

मी दार लावून वळले तर हे टक लावून बघत होते. लग्नात अंतरपाट बाजूला झाला तेव्हाही त्यांनी माझ्याकडे इतक्या कौतुकाने पाहिलं नव्हतं.

"ऐंशी?"

"ऐंशी."

ते थोडा वेळ विचार करत राहिले. मग हलक्या आवाजात म्हणाले, "व्हीएचएफ धरून सांगितलंस ना?"

"धरून," मी म्हटलं. "आता गप्प बसा, सासू जिना उतरते आहे."